गळती नाही, फक्त वास

"मॅडम, हा पेट्रोलचा वास नाहीये. रॅकला नवा रंग दिलाय ना, त्याचा आहे," निखिल म्हणाला.

आम्ही चाकणच्या गोडाऊनमध्ये उभे होतो. रॅकचा रंग वाळून बरेच आठवडे झाले होते. माझ्या सेफ्टी शूजखालची फरशी ओली होती. मी वाकून बोट टेकवलं आणि त्याच्या नाकासमोर धरलं. त्याने नाक मागे घेतलं.

"रंग असा असतो का?"

त्याने उत्तर शोधेपर्यंत माझं बोट कोरडं झालं. पेट्रोलचं हे बरं असतं, पुरावा आपला आपणच उडून जातो.

"बघतो मॅडम," तो म्हणाला. आमच्या कंपनीत "बघतो" म्हटलं की विषय संपला असं समजायचं.

आमची कंपनी गवत कापायची पेट्रोल मशिनं बनवते. चाकांवर ढकलत न्यायची, वर छोटं इंजिन, खाली पातं. त्यांना मोवर म्हणतात. तुमच्या सोसायटीत रविवारी सकाळी तुम्ही झोपलेले असताना माळी जे सुरू करतो, ते हेच. मी तिथे सर्व्हिस डिपार्टमेंटची हेड होते. म्हणजे सेल्सवाले जे बोलून ठेवतात आणि प्रॉडक्शनवाले जे बांधून ठेवतात, त्यातल्या फरकाबद्दल ग्राहकाच्या शिव्या खायचं काम माझ्याकडे होतं. पगार वेळेवर व्हायचा.

निखिलचं पद होतं ऑपरेशनल एक्सलन्स मॅनेजर. वय तिशीच्या आतलं, शर्ट कायम इस्त्रीचा, आणि बोलणं अतिशय गोड. तो काय करतो हे सगळ्यांना विचारायचं होतं, पण कुणी विचारलं नव्हतं. त्या वर्षी त्याला एक परदेशी व्हिडिओ सापडला. त्यात एक गोरा माणूस मोवरची मूठ दुमडतो, मशीन उचलतो आणि गॅरेजच्या भिंतीला उभं करून ठेवतो. आपण इस्त्रीचं टेबल ठेवतो तसं. जागा किती वाचली ते दाखवायला तो मोकळ्या जागेत सायकलही ठेवतो.

निखिलने तो व्हिडिओ आमचे प्लांट हेड सबनीस साहेब यांना दाखवला. सबनीसांवर त्या दिवसांत दुसरं भाड्याचं गोडाऊन सोडायचा दबाव होता. त्यांना हा व्हिडिओ देवासारखा भेटला. पुढच्या आठवड्यात प्रेझेंटेशन झालं. त्याचं नाव होतं "व्हर्टिकल थिंकिंग". आडव्या मशिनचा फोटो लाल चौकटीत, उभ्या मशिनचा हिरव्या चौकटीत. टाळ्या झाल्या.

मी हात वर केला.

"यातल्या जुन्या मशिनमधलं पेट्रोल काढणार का?"

"मॅडम, पेट्रोल टाकीत आहे," निखिल समजुतीच्या सुरात म्हणाला. "टाकीला झाकण आहे."

सगळे हसले. मीही हसले. पन्नाशी ओलांडलेल्या बाईने मीटिंगमध्ये हसून घेतलं नाही तर तिला मेनोपॉज झालाय असं ठरतं.

आता माझ्या प्रश्नाचा अर्थ सांगते, कारण तिथे कुणी विचारला नव्हता. फॅक्टरीतून निघालेलं नवं मशीन कोरडं असतं. त्यात पेट्रोल नाही, ऑइल नाही. ते उभं ठेवा, उलटं ठेवा, त्याचं काही जात नाही. पण पावसाळा संपला की डीलरकडची डेमोची मशिनं परत येतात. ती वापरलेली असतात. कुणाच्या टाकीत अर्धं पेट्रोल, कुणाच्या काठोकाठ. अशी सगळी मशिनं आमच्याकडे गोडाऊनमध्ये चार चाकांवर ओळीने असायची. शांत असायची. टाळ्यांनंतर तीच नव्या रॅकमध्ये उभी केली गेली.

मोवरच्या टाकीच्या झाकणाला एक बारीक भोक असतं. ते चुकून पडलेलं नसतं. टाकीतलं पेट्रोल जेवढं इंजिनात जातं, तेवढी हवा वरून आत यावी लागते. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गचके खात येतं, समोर दुसरं पाडलं की सरळ धार लागते. तोच प्रकार. मशीन चाकांवर असताना हे भोक वर असतं. मशीन उभं केलं की झाकण कुशीवर येतं, भोक पेट्रोलच्या पातळीखाली जातं, आणि थेंब सुरू होतात.

दुसरी वाट कार्बोरेटरची. पेट्रोल आणि हवा जिथे मिसळतात तो भाग म्हणजे कार्बोरेटर. त्याच्या तळाशी एक वाटी असते आणि वाटीत फ्लोट तरंगत असतो. वाटी भरली की फ्लोट वर येऊन पेट्रोलचा रस्ता बंद करतो. तुमच्या गच्चीवरच्या टाकीत पाणी बंद करणारा गोळा असतो, तसाच. आता ती गच्चीवरची टाकी आडवी पाडा आणि गोळ्याला म्हणा, कर बाबा बंद. तो काय करणार? उभ्या मोवरमध्ये फ्लोटची हीच गत होते. पेट्रोल त्याला न जुमानता पुढे जातं. थोडं बाहेर गळतं, थोडं इंजिनाच्या पोटात शिरतं. वर इंजिनातलं ऑइल उलट्या दिशेने एअर फिल्टरमध्ये जाऊन बसतं ते वेगळंच.

व्हिडिओतल्या गोऱ्या माणसाचं मशीन मुद्दाम उभं ठेवण्यासाठी बनवलेलं होतं. त्याचं झाकण वेगळं, पेट्रोल बंद करायची तोटी वेगळी, सगळी रचनाच वेगळी. व्हिडिओच्या शेवटी हे लिहूनही येत होतं. पण आमच्याकडे व्हिडिओ शेवटपर्यंत बघायला कुणाला वेळ असतो?

तर, फरशी ओली होती. मी सबनीसांकडे गेले.

"साहेब, मशिनं गळतायत."

"गळती नाही, फक्त वास आहे," सबनीस म्हणाले. "मी निखिलशी बोललोय."

"वास कशाचा आहे?"

"शेवाळे मॅडम, गोडाऊन आहे. तिथे चंदनाचा वास येणार का?"

पण साहेबांनी दखल घेतली, असं म्हणायला हवं. दुसऱ्या दिवशी गोडाऊनच्या खांबांवर जांभळ्या फुलांच्या आकाराचे रूम फ्रेशनर लागले. लॅव्हेंडर. ऑक्टोबरचं ऊन, वर पत्रा, आत पेट्रोल आणि लॅव्हेंडर. नववधूने पेट्रोल पंपावर लग्न लावलं तर जसा वास येईल, तसा आत शिरल्या शिरल्या यायचा.

तिथे फोर्कलिफ्ट चालवायला बालाजी होता. लातूरकडचा, शांत माणूस. दिवसभर तोच आत असायचा, त्यामुळे फ्रेशनरचा सगळ्यात जास्त लाभ त्यालाच होत होता.

"मॅडम, ही फुलं लावल्यापासून डोकं लई दुखायलंय," तो मला म्हणाला.

"आणि आधी?"

"आधी बी दुखायलं होतं. पण तवा कारण कळत होतं."

मी त्याला म्हटलं, दर थोड्या वेळाने बाहेर जाऊन थांबत जा. त्याने मान हलवली. बाहेर जाऊन थांबलं की निखिलचा सुपरवायझर "आयडल टाइम" म्हणून टिपायचा, हे मला नंतर कळलं.

थेंब थांबेनात, तेव्हा दोषी कोण हे ठरवायची वेळ आली. दोष रॅकचा नव्हता, कारण रॅक नवे होते. दोष कल्पनेचा नव्हता, कारण तिला टाळ्या मिळाल्या होत्या. मग राहिलं झाकण. झाकणं आम्हाला भोसरीचे तापकीर पुरवायचे. मूळचे चऱ्होलीचे. जमीन विकून बंगला बांधला आणि उरलेल्यात मोल्डिंगचं वर्कशॉप टाकलं, असे सरळ गृहस्थ. पांढरा शर्ट, कपाळाला अष्टगंध, आणि आवाज शेतात बोलायच्या सवयीचा.

त्यांना मीटिंगला बोलावलं. निखिलने स्क्रीनवर झाकणाचा मोठा फोटो लावला. भोकावर लाल बाण.

"तापकीर, तुमच्या झाकणातून लीकेज आहे," सबनीस म्हणाले. "सगळा लॉट रिजेक्ट करावा लागेल. पुढच्या ऑर्डरचाही विचार करावा लागेल."

तापकीर फोटोकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळले.

"ताई, हे भोक तर तुमच्याच ड्रॉइंगमधी हाय."

"आहे," मी म्हटलं.

"मंग आमी चूक काय केली?"

"लीकेज होतंय ना पण," निखिल म्हणाला.

"साहेब, आमी टोपणं बनवतो. तुमची इंजनं उभी करायला आमी न्हाई आलो." तापकीरांनी टेबलावर पाण्याची बाटली होती ती उचलली, झाकण अर्धवट फिरवलं आणि आडवी केली. पाणी निखिलच्या लॅपटॉपच्या दिशेने निघालं. "आता ह्यात बाटलीवाल्याची चूक हाय का?"

निखिलने लॅपटॉप उचलला. मी टिश्यू पुढे केले. सबनीस म्हणाले, "इमोशनल होऊ नका."

मी तेव्हा सगळं सांगितलं. भोक का असतं, फ्लोट काय करतो. उपायही सांगितला. मशीन मोकळ्या जागेत आणा, टाकीतलं पेट्रोल कॅनमध्ये काढा, मग इंजिन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवा म्हणजे कार्बोरेटरची वाटी रिकामी होईल, ऑइल काढा, एक दिवस बाहेर वारं लागू द्या आणि मग स्पार्क प्लगची बाजू वर ठेवून खुशाल उभं करा. हे जमत नसेल तर चाकांवर ठेवा.

"एका मशिनला किती वेळ जाईल?" सबनीसांनी विचारलं.

मी सांगितलं. निखिलने मनात सगळ्या मशिनचा हिशोब केला असावा, कारण त्याचा चेहरा उतरला.

"यापेक्षा सिंपल सोल्यूशन हवं," सबनीस म्हणाले. आणि तापकीरांना म्हणाले, "तुमचं पेंडिंग ठेवतो."

तापकीर पार्किंगमध्ये माझ्यासाठी थांबले होते. आता आवाज खाली आला होता.

"ताई, वर्कशॉपात निम्मं काम तुमच्याच टोपणांचं हाय. पोरं घरी बसवावी लागतील मला. तुमी तेवढं बघा."

मी "बघते" म्हटलं. बोलल्यावर त्या शब्दाची मला लाज वाटली.

त्यानंतर मी ट्रेनिंगसाठी नाशिकला गेले. मी नसताना सिंपल सोल्यूशन सापडलं. ते मला वाकडच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरी मराठे बाईंकडून कळलं. गोडाऊनमधलं एक डेमोचं मशीन त्यांच्याकडे वापरून बघायला गेलं होतं.

"तुमचं मशीन अर्धं लॉन कापतं का हो?" त्यांनी फोनवर विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे थोडा वेळ चालतं. मग बंद पडतं. माळी चहा पिऊन येतो, मग परत चालतं, परत बंद पडतं. सकाळपासून चार कप चहा झालाय त्याचा. लॉन हजामत अर्धवट सोडल्यासारखं दिसतंय. संध्याकाळी आमच्याकडे साखरपुडा आहे."

नाशिकहून परतताना मी चाकणपर्यंत पोहोचले होते, तिथून तडक वाकडला गेले. माळी चहाचा पाचवा कप संपवत होता. मी टाकीचं झाकण सैल केलं. फुस्स करून हवा आत शिरली. दोरी ओढली, मशीन सुरू झालं. मी झाकण हातात घेऊन उलटं केलं. भोक बुजवलेलं होतं. नळाच्या गळतीला लावतात ती राखाडी लांबी, बोटाने दाबून, वरून व्यवस्थित सपाट केलेली. काम नीट केलं होतं, याबद्दल शंका नाही.

हवा आत यायचा रस्ता बंद, म्हणून पेट्रोल खाली येत नव्हतं. माळी चहाला गेला की कुठून तरी थोडी हवा झिरपायची आणि मशीन पुन्हा जरा वेळ चालायचं. मी बॅगेतली पिन काढून भोक मोकळं केलं. साखरपुड्याचं लॉन वेळेत झालं. मराठे बाईंनी मला पेढा दिला आणि कंपनीबद्दलचं मत बदललं नाही.

गाडीत बसले आणि दुसरी गोष्ट डोक्यात आली. तेव्हा मात्र मला हसू येईना.

गोडाऊनमधल्या सगळ्या मशिनची भोकं बुजवली असणार. वर पत्रा तापतोय. टाकीतलं पेट्रोल तापलं की त्याची वाफ होते, टाकीत दाब वाढतो. वर भोक नाही. मग दाब पेट्रोलला एकाच बाजूला ढकलणार, कार्बोरेटरकडे. तिथे फ्लोट आधीच निकामी. म्हणजे झाकणातून थेंब थेंब यायचं, ते आता दुसरीकडून जोरात येणार. आणि फोर्कलिफ्टचा चार्जिंग पॉइंट निखिलने रॅकच्या शेजारी हलवला होता. बालाजीची पावलं वाचावीत म्हणून. त्यासाठीसुद्धा एक स्लाइड होती.

मी निखिलला फोन केला.

"मॅडम, लीकेज झिरो आहे," तो आनंदाने म्हणाला. "उद्या एमडी साहेबांची व्हिजिट आहे. तुम्हीही या सकाळी."

"निखिल, चार्जर बंद ठेव आणि सगळी झाकणं उघड."

"व्हिजिटनंतर करू ना मॅडम. आत्ता सगळं सेट केलंय."

मग सबनीसांना फोन केला. ते म्हणाले, सकाळी प्रत्यक्ष बोलू. मी म्हटलं, साहेब, आग लागेल. ते म्हणाले, निगेटिव्ह नका बोलू, उद्या व्हिजिट आहे.

सकाळी मी लवकर पोहोचले. गोडाऊनसमोर रांगोळी काढली होती. रस्त्यावरच्या ट्रकची धूळ आत येऊ नये म्हणून दोन्ही शटर जवळजवळ खाली ओढलेली. मी वाकून आत शिरले. या वेळी कुणी रंगाचं नाव घेतलं नसतं. डोळ्यांत चरचर झाली. रॅकच्या खाली फरशीवर ओघळ चकाकत होते आणि सगळे मिळून उताराच्या बाजूला, म्हणजे चार्जिंग पॉइंटकडे गेले होते.

तिथे बालाजी उभा होता. फोर्कलिफ्ट चार्ज होऊन झाली होती. तो प्लग काढायला वाकत होता.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, फरशीलगत पसरून राहते. आणि चालू चार्जरचा प्लग ओढला की ठिणगी पडते. तो सॉकेट गुडघ्याच्या उंचीवर होता.

"बालाजी, हात लावू नका."

माझा आवाज मोठा नव्हता. तो वाकलेल्या अवस्थेतच थांबला आणि माझ्याकडे बघायला लागला.

"प्लग काढायलोय मॅडम. साहेबांनी गाडी पुढं लावा म्हणलेत."

"राहू द्या. कशाला हात लावू नका. मोबाइल खिशातच ठेवा. सरळ माझ्याकडे चालत या."

तो खाली बघून, ओघळ टाळत चालत आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. ते समजल्यामुळे की वाफेमुळे, ते मला आजही सांगता येणार नाही. बाहेर आल्यावर तो कठड्याच्या सावलीत बसला आणि त्याला उलटी झाली. 

निखिल आला. तो जाकीट घालून आला होता.

"मॅडम, एक्झॉस्ट फॅन लावू का?" आत डोकावून त्याने विचारलं. त्याचा हात बटणाकडे निघालाही होता.

"पंख्याच्या बटणातही ठिणगी असते."

हात तिथेच राहिला. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याच्या तोंडावर काहीतरी शिकल्याचा भाव दिसला.

मेन स्विच गोडाऊनच्या बाहेर, गेटजवळच्या खोलीत होता. मी तिथे गेले आणि तो खाली ओढला. गोडाऊन बंद झालं. त्याच लाइनवर ऑफिस होतं, तेही बंद झालं. कॉन्फरन्स रूमचा एसी, स्क्रीन, प्रेझेंटेशन, कॉफीचं मशीन, सगळं. सिक्युरिटीच्या दोघांना घेऊन मी दोन्ही शटर हाताने हळूहळू वर घेतली, सगळ्यांना लांब उभं केलं आणि वारा आपलं काम करतो का ते बघत बसले.

एमडी साहेबांची गाडी तेव्हाच आली. त्यांच्यासाठी आणलेला गुच्छ सबनीसांच्या हातात होता आणि सबनीस उन्हात होते.

"लाइट कोणी घालवली?" त्यांनी मला दबक्या आवाजात विचारलं.

"मी."

"आत्ता? आज?"

"काल फोनवर सांगितलं होतं. तुम्ही सकाळी बोलू म्हणालात."

एमडी साहेब गोडाऊनच्या दिशेने दोन पावलं गेले आणि थांबले. श्रीमंत माणसांची नाकं चांगली असतात.

"हा वास कसला?"

निखिलने सबनीसांकडे बघितलं. सबनीसांनी गुच्छाकडे बघितलं. मग मीच सांगितलं. मशिनं उभी, पेट्रोल आत, भोकं बुजलेली, शेजारी चार्जर. बालाजीकडे बोट दाखवून म्हटलं, हा माणूस आत्ता प्लग काढणार होता.

"अरे बाप रे. पाणी द्या त्याला," एमडी म्हणाले. मग म्हणाले, "पण इतकी मशिनं आहेत, आजच बाहेर काढायची गरज नाही ना तशी?"

मी विचार केला. बालाजीचं सांगून झालं होतं. पुढे काय सांगावं?

"सर, पेट्रोल भरलेली मशिनं गोडाऊनमध्ये ठेवतो, हे आपण इन्शुरन्स कंपनीला कळवलंय का?"

एमडी साहेब सबनीसांकडे वळले. त्यांचा आवाज बदलला.

"सगळं बाहेर काढा. आत्ता."

पेट्रोलने जे काम इतके दिवस गळून केलं नव्हतं, ते "इन्शुरन्स" या एका शब्दाने केलं. वास गेल्याची खात्री झाल्यावर एकेक मशीन हाताने उचलून मागच्या मैदानात नेलं. फोर्कलिफ्ट वापरता येत नव्हती, त्यामुळे अकाउंट्सपासून एचआरपर्यंत सगळे उचलायला होते. निखिलने जाकीट काढून ठेवलं आणि इमानदारीने उचलली, हे नमूद करायला हवं. झाकणं उघडली की प्रत्येक टाकी फुस्स करत होती. काही मशिनची दोरी ओढली तर जागची हलेना, कारण इंजिनाच्या आत पेट्रोल भरलं होतं. ती आमच्या सर्व्हिसच्या मुलांनी पुढे कितीतरी दिवस साफ केली.

बालाजीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं आणि सोडलं. दोन दिवसांनी तो कामावर आला. त्याला मी विचारलं, डोकं कसं आहे?

"दुखना गेलं मॅडम. पण ती फुलं काढायला सांगा. पेट्रोल परवडलं."

काढली.

पुढे कंपनीत सगळं माझ्या म्हणण्याप्रमाणे झालं. म्हणजे झालं कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे, फक्त ते माझंच म्हणणं होतं. टाकी रिकामी करायची, कार्बोरेटर रिकामा करायचा, ऑइल काढायचं, वारं द्यायचं, मग उभं करायचं. निखिलने याचं "ड्राय व्हर्टिकल सिस्टिम" असं नाव ठेवलं. औद्योगिक सुधारणांच्या स्पर्धेत त्याला ट्रॉफी मिळाली. शेवटच्या स्लाइडवर "सपोर्ट टीम" खाली माझं नाव होतं, शेवाळे हे आडनाव चुकीचं लिहून. चार्जिंग पॉइंट बाहेरच्या शेडमध्ये गेला. काढलेलं पेट्रोल ठेवायला वेगळी जागा लागली, मोकळ्या मैदानातल्या कामासाठी छप्पर लागलं. उभं करून जितकी जागा वाचली, त्यातली बरीचशी त्यातच गेली. भाड्याचं दुसरं गोडाऊन सोडलं होतं, ते पुन्हा घेतलं.

तापकीरांची ऑर्डर चालू राहिली. त्यांची माफी कुणी मागितली नाही. मीच भोसरीला गेले आणि सांगितलं की झाकणात दोष नव्हता, हे आता सगळ्यांना मान्य आहे.

"मान्य हाय तर मंग फोन का न्हाई केला कुणी?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याशी बोलायला लाज वाटत असेल."

"व्हय का." मग त्यांनी पोराला चहा सांगितला. "तुमाला न्हाई वाटली ती?"

"वाटली. म्हणून आले."

चहा फार गोड होता. मी पूर्ण प्यायला.

तुमच्याकडे असलं मशीन असेल, आणि जागा कमी म्हणून तुम्ही ते उभं करणार असाल, तर आधी टाकी रिकामी करा. मग इंजिन बंद पडेपर्यंत चालवा. स्पार्क प्लगची बाजू वर राहू द्या आणि झाकणाला लांबी लावू नका. एवढं जमत नसेल तर चाकांवर राहू द्या, सायकल दुसरीकडे ठेवा. थोडक्यात, कुठलंही यंत्र उभं करण्याआधी त्याच्या पोटात काय आहे ते बघावं. माणसाला पदावर चढवतानाही ते बघायला हवं असं मला वाटतं, पण ते एचआरचं काम आहे.